मुळं सडलेला कॅक्टस: आधी कोरडा करा, पाण्याचं नंतर बघू

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. महाल भागातल्या जुन्या घरून फ्लॅटमध्ये सामान हलवताना सासूबाईंनी वाढवलेल्या कॅक्टसची कुंडी फुटली. झाड हातभर उंच, पोटरीएवढं जाड, उभ्या धारांचं, उन्हाळ्यात रात्री लांब नळीची पांढरी फुलं देणारं. ताईंनी ते प्लास्टिकच्या कुंडीत काळ्या मातीत लावलं आणि रोज थोडं थोडं पाणी दिलं. जुलै सरता सरता ते कललं, आणि सरळ करायला गेल्या तर अख्खं हातात आलं. मूळ एकही नाही, खालची चार बोटं तपकिरी आणि मऊ, एका बाजूला उन्हाचा पांढुरका चट्टा. अंगावर मध्याच्या आसपास दोन पिल्लं आहेत. त्या विचारतात: पाण्यात उभं ठेवू का, हळद लावू का, मुळं परत कधी फुटतील?

ताई, पाण्यात ठेवू नका आणि परत मातीतही खोचू नका. मुळं नसलेला कॅक्टस तहानेने क्वचितच मरतो, तो ओलीने मरतो. त्याच्या अंगाचा बहुतेक भाग पाणीच असतो. वर जाड मेणचट साल. श्वासाची छिद्रं तो दिवसा मिटून घेतो आणि रात्री गारव्यात उघडतो, त्यामुळे पाणी उडतं तेही थोडंच. एवढ्या जाडीचं झाड सावलीत काही महिने एका थेंबाशिवाय तग धरतं. सुकेल, धारा टोकदार होतील, रंग फिका पडेल, पण जिवंत राहील. उलट खालची मऊ झालेली चार बोटं रोज वर चढताहेत. म्हणून घाई करायची ती कापायची, लावायची नाही.

आधी एक खात्री करून घ्या. आपल्याकडे शेरालाही निवडुंग म्हणतात आणि फड्यालाही, पण शेर, त्रिधारी ही युफोर्बियाची मंडळी, खरे कॅक्टस नव्हेत. त्यांना टोचलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर फार वाईट, कातडीवरही आग होते. तुमचं वर्णन इकायनोप्सिस नावाच्या कॅक्टसचं वाटतं, त्यातून चीक येणार नाही, नुसतं पाणीदार गर दिसेल. खऱ्या कॅक्टसला काटे ज्यातून फुटतात त्या बारीक लोकरीच्या गाद्या असतात, त्यावरूनही ओळख पटते. पण घरातल्या दुसऱ्या कुंडीवर हाच प्रयोग करायची वेळ आली आणि चीक दिसला, तर हातमोजे घाला, काप चीक थांबेपर्यंत पाण्याने धुवा आणि मग सुकवा. पुढची वाट दोघांची सारखीच.

आता सुरी. पातळ पात्याची, धारदार, आणि झाडाच्या जाडीपेक्षा लांब. बोथट सुरी गर चेंगरते आणि चेंगरलेला गर आधी सडतो. शेजारी मेडिकलमधलं स्पिरिट आणि कापूस ठेवा. झाड जुन्या टॉवेलात किंवा वर्तमानपत्राच्या जाड घडीत गुंडाळून आडवं ठेवा आणि मऊ भागाच्या दोन बोटं वर सरळ आडवा काप द्या. मग कापलेलं तोंड उजेडात नीट पाहा. मध्ये फिकट गाभा, त्याभोवती एक कडं, आणि कड्याच्या बाहेर हिरवट गर दिसेल. ते कडं म्हणजे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. सड याच वाटेने वर चढते. गर पांढरा-हिरवा स्वच्छ दिसत असेल पण कड्यावर नारिंगी, लालसर किंवा तपकिरी ठिपके असतील, तर सड तिथवर पोचलेली आहे. अजून बोटभर कापा. प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटने पुसा, नाहीतर खालची बुरशी तुम्हीच वरच्या कापावर नेऊन लावाल. कडं पूर्ण निर्मळ दिसलं की त्याच्यावर आणखी एक पातळ चकती काढा. ही शेवटची चकती काढायला लोकांचं मन होत नाही. झाड हातभराचं वीतभर राहील याचं वाईट वाटतं. काढाच. उंची परत मिळते, आत राहिलेला एक ठिपका मात्र पंधरा दिवसांत सगळं झाड खातो.

तपकिरी दिसलं की सडच, असंही नाही. जुन्या कॅक्टसचा बुंधा वयाने बुचासारखा टणक आणि तपकिरी होतो. अंगठ्याने दाबून बघा. टणक आणि कोरडा असेल तर ते वय आहे, त्याला हात लावू नका. दबला, ओलसर लागला किंवा वास आला तर सड. आंबूस घाण वास आणि पाणी झालेला गर हे बहुधा जिवाणूंचं काम. लालसर-नारिंगी आणि वास नसलेली सड बहुधा फ्युजेरियमसारख्या बुरशीची. इलाज दोन्हीचा सुरीच आहे. बाहेरून औषध फवारून आतली सड थांबत नाही.

तुमच्या नात्यात काटोल किंवा वरूडकडे कुणाची संत्र्याची बाग असेल तर त्यांना डिंक्या विचारा. तो रोग फायटोफ्थोरा बुरशीचा. भारी जमीन, साचलेलं पाणी, आणि मुळांतून-बुंध्यातून शिरणारी सड. कॅक्टसची मुळं आणि बुंधा कुजवणाऱ्या बुरशींमध्येही हीच फायटोफ्थोरा आहे. संत्र्याच्या खोडाला बागायतदार बोर्डो मलम लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. ते खोडाच्या सालीसाठी आहे. कॅक्टसच्या ताज्या कापावर असला ओला लेप नको, कारण आपल्याला तो काप सुकवायचा आहे. कृषी सेवा केंद्रात गंधकाची भुकटी किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड मिळतं. त्यातलं कुठलंही एक कोरडंच चिमूटभर भुरभुरवा, नाकाला रुमाल बांधून. हळद चालेल का? कोरडी हळद लावल्याने नुकसान नाही, दालचिनीच्या पुडीनेही नाही. पण काप स्वच्छ नसेल तर दोन्ही निरुपयोगी, आणि स्वच्छ असेल तर दोन्हींवाचून अडत नाही. मध आणि कोरफडीचा गर मात्र लावू नका, ते ओल धरतात. चुलीची राखही नको. राख अल्कधर्मी असते आणि कॅक्टसच्या मुळांना किंचित आम्लाकडे झुकलेली जागा मानवते.

औषध भुरभुरण्याआधी कापाच्या कडा तासून घ्या. बाहेरची साल टणक असते, आतला गर मऊ. सुकताना गर आक्रसून आत ओढला जातो आणि काप खोलगट वाटीसारखा होतो. मग मुळं कड्यातून निघून त्या पोकळीत लटकतात, मातीला टेकतच नाहीत. म्हणून कडेची साल तिरकी छाटून पेन्सिलीच्या टोकासारखा उतार द्यायचा, म्हणजे नळ्यांचं कडं सगळ्यात खाली येतं. मुळं तिथूनच निघणार आहेत.

मग सुकवणं. या सगळ्या कामात हाच भाग धीराचा आहे आणि इथेच बहुतेक झाडं जातात. आडवं ठेवू नका. आठवडेच्या आठवडे आडवं राहिलेलं झाड उजेडाकडे वाकतं आणि कधी कधी खालच्या कुशीतून मुळं फुटतात. रिकाम्या कुंडीच्या तोंडावर किंवा रुंद डब्यावर उभं बसवा, काप खाली हवेत लटकता राहिला पाहिजे. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत बोटाएवढी फांदी आठवड्यात सुकते, तुमच्या झाडाच्या जाडीला तीन आठवडे लागतात. आता पावसाळा आहे, हवाच ओली आहे, त्यामुळे महिना ते दीड महिना धरा. घरात, उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या खोलीत, मंद पंख्याखाली. बाल्कनीत नको, शिंतोडे येतात. आणि कूलर अजून खिडकीत असेल तर त्याच्या वाऱ्यात अजिबात नको. नागपूरच्या घरांतून कूलरच्या ओल्या झोताने पुष्कळ कॅक्टस कुजतात. लोक पाणी कमी देतात आणि झाड मात्र कूलरसमोरच्या स्टुलावर ठेवतात.

काप तयार झाल्याची खूण: बोटाने टकटक केलं तर कोरडा आवाज, नख दाबलं तर रुतत नाही, रंग मळकट पांढरा ते फिकट तपकिरी. काळा ओला ठिपका दिसला तर परत सुरी, परत पहिल्यापासून मोजणी. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या आठवड्यात रोज काप पाहा, म्हणजे असा ठिपका लवकर सापडतो.

एक सवय लावून घ्या: दर पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर झाडाचं वजन करून तारखेसह लिहून ठेवा. वजन हळूहळू उतरणं साहजिक आहे. झपाट्याने उतरलं आणि बुंधा मऊ लागला तर आत सड आहे. आणि लावल्यानंतर कधीतरी कुंडीसकट केलेलं वजन पाणी निथळून गेल्यावरही आधीपेक्षा वाढलेलं राहिलं, धारा फुगीर दिसू लागल्या, तर मुळं पाणी ओढताहेत. झाड उपटून बघण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी बरी.

आता कधी लावायचं. नागपुरात मुळं फोडायला दोन हंगाम चांगले. एक फेब्रुवारी ते मार्चचा मध्य, दुसरा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य. मुळांना २० ते ३० अंशांची ऊब आवडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४५ ला टेकला की कॅक्टस झोपी जातो. लोकांना वाटतं, वाळवंटातलं झाड, नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) त्याला काय करणार? पण त्याच्या मूळ मुलखात रात्री गार होतात. आपल्याकडे मेच्या अखेरीस रात्रीही भिंती आणि स्लॅब तापलेल्या असतात, छिद्रं नीट उघडत नाहीत, झाडाला अन्न करता येत नाही. बिनमुळाच्या झाडाला तर हा काळ निव्वळ काढायचा असतो. डिसेंबर-जानेवारीत नुकसान होत नाही, पण मुळं फार सावकाश निघतात. तुमचा काप सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुकेल, मग पाऊस उघडायची वाट पाहून लावा. सुकलेला काप महिनाभर जास्त थांबला तर बिघडत नाही. झाड आक्रसतं, आणि त्या उपाशीपणातच मुळं फुटायची घाई वाढते. कधी कधी तर हवेतच, कोरड्या कापातून गुलाबी-पांढरी टोकं डोकावतात. तशी दिसली तर लगेच लावा, हंगामाचा विचार करू नका.

काळी माती मात्र विसरा. कपाशीला ती सोनं आहे, पण तिची चिकणमाती पाणी पिऊन फुगते, दिवसेंदिवस सोडत नाही, आणि वाळली की भेगाळून नाजूक मुळं तोडते. कुंडीत तर ती आणखी वाईट वागते. मुळं फुटेपर्यंत झाडाला अन्न नको, फक्त टेकायला हवेशीर जागा हवी. बांधकामाच्या ढिगावरचा मुरूम आणा, चाळणीने धूळ काढून हरभऱ्याच्या डाळीएवढे खडे ठेवा, धुवा, उन्हात वाळवा. त्यात तेवढीच, जाड दाण्यांची, कन्हान नदीची रेती, तीही चाळून धुतलेली, बारीक पूड नको. विटांचे तुकडे चालतात, परलाइट किंवा प्युमिस मिळाले तर उत्तम. मुरमावर एकदा लिंबू पिळून बघा. फसफसला तर त्यात चुनखडी आहे, तो बाजूला ठेवा. शेणखत, गांडूळखत, निव्वळ कोकोपीट, यांतलं आत्ता काहीही नको.

कुंडी मातीची, भोकाची, आणि झाडापेक्षा दोन बोटंच रुंद. मोठ्या कुंडीत मधली ओल वाळतच नाही. मिश्रण भरून झाड वर टेकवा, पुरू नका. काप जेमतेम बोटाच्या पेराएवढा रुतला तरी पुरे. पडू नये म्हणून तीन बाजूंनी काड्या रोवून सुतळीने सैल आधार द्या. झाड हललं की कोवळं मूळ तुटतं, म्हणून कुंडी एकदा ठेवली की तिथेच. जागा पूर्वेच्या खिडकीपाशी, नाहीतर पन्नास टक्के हिरव्या जाळीखाली. थेट ऊन नको. मुळं नसताना करपलेलं अंग भरून काढायला झाडाकडे काही नसतं.

पहिले दोन आठवडे पाणी शून्य. त्यानंतर आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, कुंडीच्या कडेने दोन-तीन चमचे. खडे किंचित दमट होतील आणि दोन दिवसांत वाळतील एवढंच. ओलीच्या चाहुलीने मुळं त्या दिशेने निघतात. महिन्याने झाडाला बोटाने अगदी हलकं ढकला. रोखून धरल्यासारखं वाटलं तर मूळ धरलं. मग पाणी सावकाश वाढवा, पण दोन पाण्यांमध्ये कुंडी पूर्ण वाळली पाहिजे. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी पूड जमते आणि क्षार मुळांना जाचतात. त्यापेक्षा नळाचं द्या, किंवा आत्ता पाऊस आहे तोवर गच्चीवरचं स्वच्छ पावसाचं पाणी दोन कॅनमध्ये भरून झाकून ठेवा, वर्षभर उपयोगी पडेल.

मुळं किती दिवसांत? लहान गोल कॅक्टसना काही आठवडे, तुमच्याएवढ्या जाडीच्या झाडाला दोन-तीन महिनेही लागतात. इकायनोप्सिस त्यातल्या त्यात उदार. मुळं फोडायच्या पावडरीने थोडी मदत होते, पण ती नसली तरी काम अडत नाही. डिसेंबर उजाडला आणि अजून काही हललं नाही, पण अंग टणक आहे, तर पाणी बंद करून तसंच ठेवा. फेब्रुवारीच्या उबेत ते निघेल. थंडीत ओली कुंडी ठेवून वाट पाहणं हा मात्र धोका आहे.

दोन पिल्लांपैकी एक आजच काढून घ्या. मूळ झाडाच्या भरवशावर सगळं ठेवू नये. पिल्लू चिमट्याने धरून हळूच पिळलं की सुटतं, बऱ्याचदा त्याच्या तळाशी मुळांच्या गाठीही असतात. आठवडा-दहा दिवस सुकवून त्याच खड्यांच्या मिश्रणात वेगळं लावा. ते आईच्या आधी मूळ धरेल. दुसरं पिल्लू मात्र झाडावर राहू द्या. आणि सड काढता काढता पिल्लांच्या जागेपर्यंत कापावं लागलं, तर निरोगी पिल्लं दोन्ही काढा.

सड वाटलं त्यापेक्षा वर गेलेली निघाली आणि हातात शेंड्याची चार बोटंच राहिली तर? तरी हरायचं नाही. शेंडा लहान असला तरी याच पद्धतीने मूळ धरतो. मधला एखादा तुकडा निरोगी निघाला तर त्याची खालची बाजू पेनने खूण करून ठेवा, कारण मुळं खालच्या तोंडाशीच फुटतात. उलटा लावलेला तुकडा नुसता सडतो. अशा तुकड्याच्या वरच्या गाद्यांतून पुढे नवीन पिल्लं निघतात. अगदीच अंगठ्याएवढं काही उरलं तर त्याचं कलम ड्रॅगनफ्रूटच्या फांदीवर करतात: दोन्हींचे ताजे सपाट काप, नळ्यांची कडी एकमेकांना निदान एका बाजूला भिडलेली, वरून रबरबँड, आठ-दहा दिवस सावली. फुलांच्या प्रदर्शनात मिळतात ती लाल-पिवळ्या डोक्याची छोटी कॅक्टस अशीच ड्रॅगनफ्रूटवर बसवलेली असतात. त्यांचा खालचा हिरवा दांडा सडला तर लाल डोकं मातीत लावून जगत नाही. त्यात हरितद्रव्य नसतं, ते स्वतःचं अन्न करू शकत नाही. त्याला दुसरा हिरवा दांडाच द्यावा लागतो. आणि शेंड्यापर्यंत प्रत्येक कापात कडं तपकिरी निघालं, अंग पिवळट पारदर्शक झालं, तर ते झाड गेलं असं समजा आणि कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात द्या.

झाड लागलं की ओळख शेंड्यावर पटेल. मधोमध नवे काटे निघतात, जुन्यांपेक्षा उजळ रंगाचे, आणि भोवतालचा हिरवा रंग ताजा दिसतो. तोवर खत नाही. नवी वाढ दिसल्यावर मुळांसाठी मुरूम-रेतीत चौथा हिस्सा जुनं कुजलेलं खत मिसळून फेब्रुवारीत कुंडी बदला. उन्हाची सवय तीन-चार आठवडे घेऊन लावा, आधी सकाळचं तासभर. पश्चिमेच्या भिंतीपाशी मेमध्ये कधीच नको. पहिला पावसाळा छपराखाली. उन्हाचा तो पांढुरका चट्टा पुढे तपकिरी आणि टणक होईल, तसाच राहील, पसरणार नाही. त्याला औषध लावायची गरज नाही. फुलांची घाई करू नका. मूळ धरल्यावर एखादा हिवाळा कोरडा गेला की मगच कळ्यांची आशा धरावी.

राहिली ती जुनी माती. ती उकरून बघा. पांढरे कापसासारखे पुंजके दिसले तर मुळांवर पिठ्या ढेकूण होता, आणि शेजारच्या कुंड्यांची मुळंही तपासायला हवीत. झाडाच्या अंगावर पुंजके असतील तर स्पिरिटच्या कापसाने पुसून काढा. पुंजके नसले तरी त्या मातीत सडीची बुरशी आहे असंच धरा. टाकून द्यायची नसेल तर पिशवीत बांधून ठेवा. एप्रिलमध्ये ओलसर करून गच्चीवर पातळ थर पसरा, पारदर्शक प्लास्टिकने चहूबाजूंनी घट्ट झाका आणि पाच-सहा आठवडे राहू द्या. आपल्या उन्हात प्लास्टिकखालची माती एवढी तापते की बहुतेक बुरशी मरते. तोपर्यंत ती गुलाबाच्या किंवा तुळशीच्या कुंडीतही टाकू नका, आणि ज्या प्लास्टिकच्या कुंडीत झाड सडलं तीही साबणाने घासून, उन्हात वाळवूनच परत वापरा.